वर नेणारी

सकाळी नऊला पहिली फेरी.
मागे ट्रेलरवर चौदा सायकली, एकमेकींच्या गळ्यात हँडलं,
आत चौदा जण, मांडीवर हेल्मेट,
बुटांवर कालचा चिखल.
मेरेदिद, दातांचा डॉक्टर,
स्वतःचे दोन दात तिसऱ्या वळणाला ठेवून गेलेला,
पुन्हा आलाय.
मी क्लच सोडते. वर नेणं एवढंच माझं काम.
खाली आणायला डोंगर समर्थ आहे.

वेल्समधला हा डोंगर पाटीच्या दगडाचा.
माझे आजोबा याच्या पोटात उतरायचे.
आत जाताना खिळ्यावर पितळी बिल्ला अडकवायचा,
बाहेर आलं की काढायचा.
दिवेलागणीला एखादा बिल्ला खिळ्यावरच राहिला
की अख्ख्या गल्लीत कुणाची किटली उकळायची नाही.
आता पोटात कुणी जात नाही.
पाठीवरून घसरतात, पैसे मोजून,
आणि संध्याकाळी कोपराचं सोललेलं कातडं दाखवतात
नवं घड्याळ दाखवावं तसं.

एलेरी, माझी लेक, म्हणायची:
ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, आई.
दोन ठेवलीस की घाबरलीस,
घाबरलीस की आवळलास,
आवळलास की डोंगर झटकून टाकतो.
आणि झाडाकडे बघायचं नाही.
ज्याच्याकडे बघशील त्याच्यावरच जाऊन आदळशील.
मी म्हटलं, हे मला तुझ्या बापाच्या वेळी कळायला हवं होतं.
चहा नाकातून येईपर्यंत हसली.

मला वाटायचं, वेग म्हणजे पळ काढणं.
नाही गं, उलट, ती म्हणाली.
खाली येताना परीक्षा नसते, भाडं नसतं, तो मुलगा नसतो.
पुढच्या चार हातांवरचा दगड,
मग त्यापुढचे चार हात.
एवढी शांत मी घरी कधी असते का?
नसते. खरंच नसते.

ऑगस्टमध्ये, रात्रभर सरी पडून गेल्यावर,
मी खाली उभी, मोजत.
अकरा. बारा. तेरा.
मग सायकल आली.
एकटीच. सरळ, शहाण्यासारखी,
शेवटचं वळणसुद्धा नीट घेऊन
गवतात आडवी झाली.
चाक फिरत राहिलं.
मी चाकाकडे बघत राहिले.
वर बघितलं नाही.

हासळीचं हाड, तीन बरगड्या, मांडी.
मांडीत खिळा घालावा लागेल, डॉक्टर म्हणाले.
खिळा म्हणताच मला आजोबांची भिंत दिसली.

नवव्या दिवशी मी व्हॅन बाहेर काढली.
तोंडावर कुणी काही बोललं नाही.
पावाच्या दुकानातली रांग तेवढी गप्प झाली.

ऑक्टोबर. हंगामातली शेवटची फेरी.
ट्रेलरवर तिचीही सायकल, दुरुस्तीहून आणलेली,
उतरवायची राहून गेलेली.
राहून गेलेली, असं मी म्हणते.
सगळे खाली गेले. वारा, दोन मेंढ्या, मी.
तिचं हेल्मेट घातलं, आत तिच्या केसांचा वास.
सोपी वाट, पोरांसाठीची.
तरी आठही बोटं ब्रेकवर,
चाकं रडतायत, बावन्न वर्षांची मांडी थरथरतेय,
आणि प्रत्येक झाड मला नावानं हाका मारतंय.
मेंढवाड्यापाशी वाट सरळ झाली.
तिथं मी बोटं उघडली.

चार सेकंद असतील. पाच नव्हेत.
त्या चार सेकंदांत मला मुलगी नव्हती.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खाली फाटकाला कुबड्या टेकवून एलेरी उभी होती.
माझा चिखल बघितला, सायकल बघितली,
ओठ आवळून बरगड्या धरल्या.
आई, म्हणाली, व्हॅन कुठंय?

वरच.

अंधार पडत होता.
मी चढायला लागले.